पगार, दास्य आणि उघडे दार

शास्त्रवाचन : अनुवाद १५:१२-१७, यिर्मया ३४:८-१७, लूक १५:११-३२



बेंगळुरू शहरात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू आणि मराठी एकाच रस्त्यावर कानी पडतात. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा शहरात शब्दांचे शिक्षण रोज मिळते. त्यांतल्या एका शब्दाकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. तेलुगू बोलणारा मनुष्य आपल्या महिन्याच्या पगाराला ‘जीतम्’ म्हणतो. तोच शब्द कन्नडमध्ये ‘जीत’ ह्या रूपात आढळतो; परंतु ‘जीत पद्धती’ म्हणजे वेठबिगारी, कर्जापोटी माणसाला धन्याच्या दारी राबवून घेण्याची प्रथा. एका भाषेत ज्या शब्दावर घर चालते, त्याच शब्दाने शेजारच्या भाषेत माणूस बांधला जातो.

ह्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आपण सारेच उभे आहोत. महिनाअखेरीस पगार घेणारे आपल्यांत पुष्कळ आहेत, आणि दुसऱ्याला पगार देणारेही आहेत. म्हणून प्रश्न असा, की जो मनुष्य पैसे घेऊन दुसऱ्याचे काम करतो तो मुक्त आहे की दास? आणि हे ओळखावे तरी कशावरून?

तत्त्ववेत्त्यांनी ह्या प्रश्नाचा फार प्राचीन काळापासून विचार केला आहे. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल ह्याने दासाला सजीव अवजाराच्या पंक्तीस बसवले, आणि मोबदल्यासाठी केलेल्या कामांमुळे मनाची उसंत जाऊन ते हलके होते असे मत मांडले. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमचा सिसेरो कर्तव्यांविषयी आपल्या पुत्राला लिहीत असता मजुराच्या वेतनालाच त्याच्या दास्याची निशाणी ठरवून गेला. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दास आणि मजूर ह्या दोघांचे नियम ‘दासकर्मकरकल्प’ ह्या एकाच प्रकरणात येतात. ठरलेली मजुरी दिलीच पाहिजे असे तो बजावतो, पण दोघांना शेजारी बसवतो.

अर्वाचीन काळाने हे मत उलटे केले. दास विकला जातो, परंतु मजूर स्वतः करार करतो. करार दोघांच्या संमतीने होतो, म्हणून मजूर मुक्त आहे, असे आता कायद्याचे पंडित सांगू लागले. त्यावर कार्ल मार्क्सने १८६७ साली आपल्या ‘भांडवल’ ह्या ग्रंथात मार्मिक आक्षेप घेतला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की हा कामगार दोन अर्थांनी मोकळा आहे. आपले श्रम विकायला तो मोकळा आहे, आणि विकण्याजोगे दुसरे काहीही जवळ नसल्यामुळे सर्व साधनांपासूनही तो ‘मोकळा’ झालेला आहे.

एक पक्ष म्हणतो, पगार हेच दास्य. दुसरा म्हणतो, पगार हीच मुक्ती. पवित्र शास्त्र ह्यांपैकी कोणाचीही बाजू सरसकट घेत नाही. ज्या प्रभूला नासरेथचे लोक सुतार म्हणून ओळखत होते (मार्क ६:३), त्याच्या शिष्यांना हाताच्या कामाचा वा त्याच्या मोबदल्याचा कमीपणा वाटण्याचे कारणच नाही. पौल तंबू शिवून पोट भरत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३). कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे तर प्रभूच्याच मुखातून आलेले आहे (लूक १०:७). पण म्हणून मजुरी हाती पडली की माणूस आपोआप मुक्त झाला, असेही शास्त्र मानत नाही.

मूळ हिब्रू भाषेतील ‘आबद’ हा धातू ह्या बाबतीत भाषांतरकाराला फार विचारात पाडतो. काम करणे, चाकरी करणे, दास होऊन राबणे आणि देवाची उपासना करणे, एवढे सारे अर्थ त्या एका धातूत सामावलेले आहेत. निर्गमच्या पहिल्या अध्यायात मिसरी लोकांनी इस्राएलांना कसे राबवले हे सांगताना अवघ्या दोन वचनांत (१३-१४) त्या धातूचे शब्द पाच वेळा येतात. पुढे मोशे फारोपुढे देवाची मागणी ठेवतो, की माझ्या लोकांना माझी सेवा करण्यासाठी जाऊ दे. तेथेही धातू तोच आहे. मराठीत आपण एके ठिकाणी ‘दास्य’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सेवा’ लिहितो, कारण त्यावाचून अर्थ लागत नाही. परंतु हिब्रू वाचकाला दिसत असे, की इस्राएल चाकरीतून निघून चाकरीतच गेला. धनी मात्र बदलला.

मग फारोची चाकरी आणि परमेश्वराची चाकरी ह्यांत भेद कोणता? नियमशास्त्र तीन खुणा देते.

पहिली खूण विसाव्याची. मोशेने लोकांसाठी सण पाळण्याची सवड मागितली तेव्हा फारोने त्यांना आळशी ठरवले, गवताचा पुरवठा बंद केला आणि विटांची संख्या तेवढीच ठेवली (निर्गम ५). उलट परमेश्वराने शब्बाथाची आज्ञा देताना दासदासींचे नाव घेऊन सांगितले, की त्यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. आणि कारण दिले, की तूही मिसरात दास होतास (अनुवाद ५:१४-१५). धन्याच्या आणि चाकराच्या विश्रांतीला एकच माप लावणारी ही आज्ञा आहे. आपल्या महाराष्ट्रात ह्या सत्याची आठवण गिरणीमालकांना करून दिली ती सत्यशोधक समाजाच्या नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० साली रविवारची सुट्टी मान्य झाली. आपण ज्या रविवारी प्रार्थनामंदिरात निवांत बसतो, तो रविवार कामगारांना लढून मिळवावा लागला, हे आपण विसरू नये. हा प्रश्न अजून संपलेला नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांकडून दिवसाला बारा तासांहून अधिक काम घेण्याची मुभा देणारा प्रस्ताव चर्चेत आला आणि कर्मचारी संघटनेला त्याविरुद्ध उभे राहावे लागले. मोठा पगार घेणाऱ्यालाही विसावा मागावा लागतो.

दुसरी खूण मोबदल्याची. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, अशी आज्ञा आहे (अनुवाद २४:१४-१५). अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोब सांगतो (याकोब ५:४). एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावर ही ओरड ऐकू आली. भविष्य निर्वाह निधीत मालक जो वाटा भरतो तो कामगाराला वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्र शासनाने त्या वर्षी फेब्रुवारीत काढला होता. तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या हजारो स्त्रिया १८ आणि १९ एप्रिलला रस्त्यावर उतरल्या. आजारपण, मुलीचे लग्न, काम सुटल्यावरचे दिवस, ह्या साऱ्यांसाठी तोच पैसा त्यांचा आधार होता. दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी जाळपोळ आणि लाठीमारही झाला. त्या हिंसेचे समर्थन करता येत नाही. पण नियम काढणाऱ्यांनी ह्या स्त्रियांना आधी विचारले असते तर? १९ एप्रिललाच तो नियम मागे घेण्यात आला. पैसा त्यांचा होता, ही साधी गोष्ट कळण्यासाठी शहर दोन दिवस थांबावे लागले.

तिसरी खूण दाराची, आणि माझ्या मते सर्वांत खोल अर्थ तिच्यात आहे. इब्री दासाला सातव्या वर्षी मोकळे करावे, आणि मोकळे करताना रिकाम्या हाताने पाठवू नये. कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे द्यावे (अनुवाद १५:१२-१५). रिकाम्या हाताने घराबाहेर पडलेला मनुष्य उद्या भुकेने परत येईल, हे नियमशास्त्राला ठाऊक आहे. दार उघडायचे तर वाटेची शिदोरीही द्यायची.

आपल्या मराठी मंडळीला ह्या दाराचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून प्रभूकडे आलेल्या अनेक घराण्यांनी महारकीचे वतन अनुभवले होते. त्या कामाला मोबदला होता. वतनाच्या जमिनीचा तुकडा होता, बलुते होते. पण कामाला वेळ-काळ नव्हता, आणि वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला कामावर धरता येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते ह्याच बंधनाविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने खालसा झाली. मोबदला मिळत असूनही माणूस दास असू शकतो, ह्याचा पुरावा आपल्याच घराण्यांच्या इतिहासात आहे.

आता अलीकडील गोष्ट पाहा. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे अडकलेले परप्रांतीय मजूर बेंगळुरूहून आपापल्या गावी जाऊ इच्छीत होते. त्यांच्यासाठी खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या आणि काही सुटल्याही. ५ मे रोजी तत्कालीन मुख्यमंत्री येडियुरप्पा ह्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली, आणि त्याच दिवशी राज्य शासनाने पुढच्या गाड्या नकोत असे रेल्वेला कळवले. बांधकामे पुन्हा सुरू होत होती. मजूर गेले तर ती अडतील, ही चिंता उघडपणे बोलून दाखवली गेली. देशभर टीका झाली, आणि दोन-तीन दिवसांत शासनाने निर्णय फिरवून गाड्या पुन्हा सुरू केल्या. त्या मजुरांपैकी कोणी दास नव्हता. कोणाच्या पायात बेडी नव्हती. तरी त्यांच्या श्रमांची गरज असणाऱ्यांच्या सोयीखातर त्यांची घरची वाट काही दिवस बंद राहिली.

यिर्मयाचा चौतिसावा अध्याय येथे आठवतो. यरुशलेमेला वेढा पडला असता सिद्कीया राजा आणि सरदार ह्यांनी दासदासींना मोकळे केले. आणि मग मन बदलून त्यांना परत दास्यात ओढले. ह्यावर परमेश्वराचा कोप झाला. दिलेली मुक्ती मागे घेणे हा केवळ माणसाशी नव्हे, देवाशी केलेला करारभंग ठरला. कारण तो करार त्याच्या मंदिरात, त्याच्या नावाने झाला होता.

येथे कोणी म्हणेल, ‘मजुराला कोणी अडवत नाही, परवडत नसेल तर त्याने काम सोडावे.’ ह्या आक्षेपाला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली उत्तर दिले आहे. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती ह्यांनी भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना असा निर्णय दिला, की सक्ती केवळ दंडुक्याची वा कायद्याची नसते, भूक आणि दारिद्र्य ह्यांचीही असते; म्हणून किमान वेतनाहून कमी पैशांत घेतलेले काम हे सक्तीचेच काम होय. दाराला कुलूप नसले, पण बाहेर उपासमार उभी असली, तर ते दार उघडे आहे असे म्हणता येत नाही. रिकाम्या हाताने पाठवू नको, ह्या आज्ञेचा आशय ह्याहून निराळा काय आहे?

आता त्याच शास्त्रभागातील सोळाव्या आणि सतराव्या वचनांकडे या. सातवे वर्ष आले, दार उघडले, शिदोरी सिद्ध झाली. आणि तरीही एखादा दास म्हणाला, की मी जात नाही, कारण माझी तुझ्यावर आणि तुझ्या घराण्यावर प्रीती आहे. तर धन्याने आरी घेऊन त्याचा कान दाराशी टोचावा. टोचलेला कान ही आयुष्यभराच्या सेवेची खूण. ही खूण दारावरच व्हावी असे का सांगितले असेल? मला त्यात असा अर्थ दिसतो, की जे दार त्याच्यासाठी उघडले गेले, त्याच दाराला साक्षी ठेवून तो राहतो. ज्याला जाता येत होते त्याच्याच राहण्याला प्रीती म्हणता येते. ज्याला जाताच येत नव्हते त्याच्या राहण्याला दुसरे नाव आहे.

आपल्या प्रभूनेही हाच मार्ग धरला. पुष्कळ शिष्य सोडून गेले तेव्हा त्याने बारांना अडवले नाही. तुम्हीही जाऊ पाहता काय, असे विचारले (योहान ६:६७). ज्याच्या हाती सर्व सत्ता होती त्याने दार उघडे ठेवून विचारले. म्हणूनच पेत्राच्या उत्तराला मोल आहे. पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो ते ह्याच अर्थाने. त्याचा कान उघड्या दाराशी टोचलेला आहे.

येथे प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीला आणि संस्थांना एक गोष्ट नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शाळेतील शिक्षिका, दवाखान्यातील परिचारिका, वसतिगृहाचा स्वयंपाकी, प्रार्थनामंदिराचा राखणदार, खेड्यापाड्यांतून फिरणारी बायबल-बाई, ह्यांपैकी कोणी थकलेल्या पगाराची विचारणा केली, की आपल्याकडे एक उत्तर तयार असते : ‘ही नोकरी नाही, सेवा आहे.’ हे वाक्य ऐकून कितीतरी माणसे मान खाली घालून परत गेली आहेत. सेवा हा शब्द पवित्र आहे. परंतु तो कान टोचून घेणाऱ्याने उच्चारायचा असतो, आरी हातात धरणाऱ्याने नव्हे. आपली मजुरी सोडून देण्याचा हक्क पौलाने स्वतः वापरला (१ करिंथकरांस ९). दुसऱ्याची मजुरी त्याने कधी सोडून दिली नाही. उलट त्याच अध्यायात त्याने इतरांच्या हक्काचे समर्थन केले.

संस्थांपाशी पैसा थोडा असतो, हे खरे आहे. काही संस्था पुरेसा पगार देऊ लागल्या तर बंद पडतील, आणि मग गरिबांची मुले शिकणार कोठे, हा प्रश्नही खोटा नाही. पण ज्या घरात खरेच टंचाई आहे, त्या घरात ती ताटात सर्वांच्या दिसते. हिशेब सर्वांपुढे ठेवावा; वरिष्ठांनी आपला वाटा आधी कमी करावा; आणि जे देणे राहिले ते देणेच आहे असे मानावे, त्याला त्यागाचे नाव देऊ नये. पंडिता रमाबाईंनी आपल्या केडगावच्या संस्थेला ‘मुक्ती’ हे नाव दिले आणि तेथे आलेल्या निराधार स्त्रियांना हाताचे कसब शिकवले. त्यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच ठिकाणच्या छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. ज्या स्त्रीला कसब येते तिला दार उघडता येते. म्हणून काम शिकवणे हा तेथे मुक्तीचाच भाग होता. आपल्या संस्थांनी हे नाव डोळ्यांपुढे ठेवावे.

आणि आपल्या घरांचे काय? आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला आपण मोलकरीण म्हणतो; म्हणजे मोल घेऊन काम करणारी. ते मोल महिन्याच्या ठरल्या दिवशी तिच्या हाती पडते काय? आठवड्यातून एक दिवस तिला विसावा आहे काय, की आपण उपासनेला जातो तेव्हाही ती आपल्या घरी भांडी घासत असते? तिला दिलेली उचल ही मदत आहे, की तिने दुसरीकडे जाऊ नये म्हणून घातलेली गाठ? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने देवासमोर द्यावीत.

शेवटी सुवार्तेकडे वळू या. लूकच्या पंधराव्या अध्यायातील धाकटा मुलगा दूर देशी उपाशी असताना ठरवतो, की बापाकडे जाऊन मला मोलकऱ्यांत ठेव असे म्हणावे. घरी आल्यावर तो पापाची कबुली देतो, मी पुत्र म्हणवून घ्यायला योग्य नाही असेही म्हणतो. पण बहुतेक हस्तलिखितांत मोलकऱ्याविषयीचे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बाप झगा आणि अंगठी मागवतो. थोरला मुलगा मात्र घरातच होता. आणि तो म्हणतो, की इतकी वर्षे मी तुझी चाकरी केली. तेथील ग्रीक शब्द दासाच्या राबण्याचा आहे. एक पुत्र पगार मागायला निघाला होता, दुसरा स्वतःला दास समजत होता. बापाच्या घरी दोघेही पुत्रच होते.

‘नोकर’ हा आपला शब्द फारसीतून आला, आणि फारसीत तो मंगोल भाषेतून आला. तेथे त्याचा अर्थ सोबती, आपणहून नायकाबरोबर आलेला सहकारी, असा होता. माणसांच्या व्यवहारात सोबत्याचा चाकर झाला. प्रभू येशूने उलट दिशा दाखवली. आपल्या शिष्यांना तो दास न म्हणता मित्र म्हणतो (योहान १५:१५). म्हणून जो ख्रिस्ताचा आहे त्याची किंमत पगाराच्या आकड्यावर ठरत नाही. तो आकडा थोडा असला म्हणून लाज नको, मोठा असला म्हणून गर्व नको. आणि ज्याला ख्रिस्ताने मित्र म्हटले, त्याला आपल्या हाताखालच्या माणसाचे दार बंद करता येत नाही.

प्रार्थना : हे आमच्या पित्या, तू आम्हांला मिसरातून काढलेस आणि रिकाम्या हाताने काढले नाहीस. आमच्याकडे राबणाऱ्यांची मजुरी आमच्या घरी रात्रभर राहू नये, त्यांचा विसावा आम्ही हिरावू नये, त्यांची वाट आम्ही अडवू नये, अशी बुद्धी आम्हांला दे. आणि ज्यांच्या दाराबाहेर आज भूक उभी आहे, त्यांना उघडे दार आणि वाटेची शिदोरी दोन्ही दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.